फर्नेसने धरला अबोला : एका साध्या परिपथाचा धडा



विद्युत परिपथ शिकवताना मुलं हमखास विचारतात, "बाई, याचा उपयोग काय?" यंदा जानेवारीत त्याचं उत्तर मला घरातूनच मिळालं.

माझी भाची अमेरिकेत मिनियापोलिसला असते. एका रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. बाहेर उणे वीस अंश, घरात आठ महिन्यांचं बाळ. "मावशी, थर्मोस्टॅटवर 'हीट ऑन' दिसतंय, पण तळघरातली फर्नेस ढिम्म आहे गं! मेकॅनिक सकाळीच येणार." अशा थंडीत घर रात्रभर गार राहिलं, तर नळाचे पाइपसुद्धा गोठून फुटतात.

थर्मोस्टॅट म्हणजे काय?

तो मुळात एक बटण आहे. फर्नेसमधला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो. ही वीज 'आर' तारेने थर्मोस्टॅटपर्यंत येते. खोली गार झाली की थर्मोस्टॅट 'आर' आणि 'डब्ल्यू' या तारा जोडतो. परिपथ पूर्ण होतो आणि फर्नेसला "पेट" असा निरोप जातो. 'जी' तार पंख्याची, 'वाय' कूलिंगची आणि 'सी' परतीची. तारा ओळखताना रंगावर नाही, अक्षरावर विश्वास ठेवायचा.

दोष कसा शोधायचा? सोप्याकडून अवघडाकडे!

१) गॅसचा वास येतोय का? येत असेल तर कुठलंही बटण न दाबता सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरूनच फोन करायचा.

२) थर्मोस्टॅट 'हीट'वर आहे ना? ठरवलेलं तापमान खोलीपेक्षा जास्त आहे ना? सेल नवे आहेत ना?

३) फर्नेसचं मेन बटण आणि ब्रेकर चालू आहे ना?

४) फर्नेसचं झाकण घट्ट बसलंय ना? झाकणामागे सुरक्षेचा एक स्विच असतो. झाकण जरा जरी सुटलं, तरी आतली वीज बंद.

५) वीज बंद करून कंट्रोल बोर्डावरचा छोटा फ्यूज बघायचा. तो बहुधा ३ किंवा ५ अँपिअरचा असतो.

६) शेवटची परीक्षा : वीज बंद करून थर्मोस्टॅट काढायचा, 'आर' आणि 'डब्ल्यू' एका तुकड्याने जोडायच्या, वीज चालू करायची. फर्नेस पेटली तर दोष थर्मोस्टॅटचा. नाही पेटली तर दोष तारेत किंवा फर्नेसमध्ये. ही परीक्षा फक्त २४ व्होल्टच्या बारीक तारांवरच! जाड तारा दिसल्या तर हात लावू नये.

चौथ्या पायरीवर भाची थबकली. "अगं मावशी, काल संध्याकाळी मी फिल्टर बदलला होता!" झाकण एका कोपऱ्यात बसलंच नव्हतं. नीट दाबलं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत गरम हवा सुरू!

मग थर्मोस्टॅटचा पडदा चालू कसा होता? कारण तो स्वतःच्या सेलवर चालत होता. पडद्यावर 'हीट ऑन' म्हणजे "मी सांगितलं" एवढंच. "समोरच्याने ऐकलं" असं नाही. वर्गातही आपलं असंच होतं, नाही का? आपण शिकवलं म्हणजे मुलांना पोचलंच, असं थोडंच असतं!

जाता जाता एक गंमत. विजेवर चालणाऱ्या खोलीतल्या थर्मोस्टॅटचं पेटंट १८८३ साली मिळवणारे वॉरन जॉन्सन हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर इथे शिक्षक होते. वर्गाचं तापमान बघायला शिपाई सारखा आत यायचा आणि तासात व्यत्यय यायचा, त्यावर त्यांनी हा उपाय काढला.

पालकहो, घरी सेल, छोटा बल्ब आणि तार घ्या. मुलांच्या नकळत एक जोड सैल करा आणि दोष त्यांनाच शोधू द्या. उत्तर लगेच सांगू नका. "आता पुढे काय तपासशील?" एवढंच विचारा.