केबल बदलली की सूर बदलतो?

जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ मध्ये अमेरिकेत एक आव्हान दिले होते. ७,२५० डॉलरची स्पीकर केबल साध्या केबलहून वेगळी वाजते, हे न पाहता, नुसत्या कानांनी ओळखा आणि दहा लाख डॉलर घेऊन जा. पुढे बोलणी फिसकटली, चाचणी झालीच नाही. प्रश्न मात्र राहिला: तारेचा फरक ऐकू येतो का?

उत्तराची सुरुवात शाळेतल्या ओहमच्या नियमापासून होते. ॲम्प्लिफायरने पाठवलेल्या व्होल्टेजचा थोडा हिस्सा तारेचा रोध खातो. इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड चौरस एमएमची तांब्याची वायर घ्या. स्पीकर तीन मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन सहा मीटर तारेचा रोध भरतो ०.०७ ओहम. पुढे ८ ओहमचा स्पीकर. म्हणजे आवाजातली घट ०.१ डेसिबलहूनही कमी. ती कानाला कळत नाही.

तीच वायर बरीच बारीक आणि दहा मीटर लांब असली, तर रोध ओहम-दोन ओहमवर जातो. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, प्रत्येक कंपनसंख्येला वेगळा असल्याने काही स्वर जास्त दबतात, काही कमी. हा बदल खरोखर ऐकू येतो. रेकॉर्ड प्लेअरच्या केबलची कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वरच्या पट्टीतले स्वर बदलू शकते. म्हणजे तारेला महत्त्व आहे. ते जाडी, लांबी आणि बांधणीचे आहे, किमतीचे नाही.

तरीही महाग केबल जोडल्यावर गाणे खुलले असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. आपण ऐकतो ते मेंदूने, आणि मेंदूला किंमत ठाऊक असते. शिवाय किंचित मोठा आवाज आपल्याला सरसच वाटतो. म्हणून १९५० मध्ये बेल लॅब्जच्या संशोधकांनी मांडलेली एबीएक्स चाचणी मोलाची आहे: आधी ‘ए’ ऐका, मग ‘बी’, आणि शेवटी ‘एक्स’ त्यांपैकी कोणता ते सांगा. दहापैकी नऊ वेळा नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता जेमतेम एक टक्का असते.

संगीतावर जीव असणाऱ्याचा पैसा संगीताच्याच कामी यावा. तेव्हा केबल घेण्याआधी घरातल्या कुणाला तरी नाणे उडवून, तुमच्या पाठीमागे तारा बदलायला सांगा. आवाजाची पातळी सारखी ठेवा. दहा वेळा ऐका, उत्तरे लिहा, मगच खिशात हात घाला.