एक फटकारा, पाच पाकळ्या

शिखरावर मोर असलेली पितळी समई नीट न्याहाळली, तर त्या एकाच वस्तूत तीन तऱ्हांचा सारखेपणा आढळतो. तिचा खांब कातून काढल्यासारखा गोल असतो. कोणत्याही बाजूने पाहिला तरी तसाच दिसतो. तेलाच्या वाटीची गोष्ट निराळी. तिला वातींसाठी पाच निमुळती टोके असतात. ती थोडीशी फिरविली तर आकार हललेला दिसतो; पण वर्तुळाचा पाचवा हिस्सा, म्हणजे ७२ अंश, फिरविली की ती पुन्हा पूर्ववत् भासते. मोर मात्र फिरवून जुळतच नाही. त्याचे उजवे अंग हे डाव्या अंगाचे आरशातील प्रतिबिंब होय.

यांपैकी वाटीच्या सारखेपणाला अरीय सममिती म्हणतात. अर म्हणजे चाकाचा आरा. तुंब्याभोवती आरे बसावेत, तसे मध्याभोवती सारखे भाग सारख्या अंतराने बसलेले असणे, एवढाच त्याचा अर्थ. संगणकावर मूर्ती घडविणाराला ही सममिती मोठी सोयीची आहे. आणि सावध न राहिल्यास तितकीच फसवी आहे.

संगणकावरील मूर्तिकामात माती नसते. तिच्या जागी बिंदूंची व त्यांना जोडणाऱ्या चिमुकल्या पृष्ठांची एक जाळी असते. ब्रश फिरविला की त्याखालचे बिंदू वर उचलले जातात, आत दाबले जातात किंवा सपाट होतात. झेडब्रश हा १९९९ साली पुढे आलेला कार्यक्रम या कामासाठी प्रसिद्ध आहे. ब्लेंडर तर विनामूल्य मिळतो व २००२ पासून त्याची मूळ संहिताही सर्वांना खुली आहे. या दोहोंत अरीय सममितीची सोय आहे. अक्ष निवडावयाचा आणि संख्या द्यावयाची. संख्या पाच दिली की वाटीच्या काठावर ओढलेला एक फटकारा त्याच क्षणी दर ७२ अंशांवर, असा पाच ठिकाणी उमटतो. आठ दिली तर ४५ अंशांवर, बारा दिली तर ३० अंशांवर.

पहिला प्रश्न अक्षाचा. उभा अक्ष ब्लेंडरमध्ये झेड या अक्षराने, तर झेडब्रशमध्ये वाय या अक्षराने दाखविला जातो. एकीकडची सवय दुसरीकडे नेली, तर टोके वाटीभोवती न येता तिच्या वर आणि खाली उगवतात. दुसरा प्रश्न मध्याचा. ब्लेंडर हे सर्व मोजमाप वस्तूच्या मूळबिंदूपासून करतो. तो नारिंगी ठिपक्याने दिसतो. जाळी सरकली आणि ठिपका जागच्या जागी राहिला, तर पाचही टोके एका कुशीला कलतात.

तिसरा प्रश्न जाळीचा. ब्लेंडरमधील साधा गोल घेतला, तर त्याच्या घेरात ३२ भाग असतात. ३२ ला आठाने भाग जातो, पाचाने जात नाही. म्हणून प्रत्येक टोक बिंदूंच्या निराळ्या मांडणीवर पडते आणि पाचांच्या कडा पाच तऱ्हांच्या होतात. आरंभीच घेरात ४० भाग घेतले, तर प्रत्येक टोकाच्या वाट्याला बरोबर आठ येतात आणि हा दोष टळतो.

मध्याजवळही जपावे लागते. तेथे पाचही फटकारे एकमेकांवर चढतात आणि अकारण उंचवटा उठतो. ब्लेंडरमधील फेदर नावाची सोय अशा जागी ब्रशचा जोर कमी करते. तरीही मध्यभाग शेवटी सममिती बंद करून, हलक्या हाताने सारखा करणे बरे.

आता एक सूक्ष्म भेद. चाफ्याचे फूल पाहावे. त्याच्याही पाच पाकळ्या ७२ अंशांवर असतात. परंतु प्रत्येक पाकळी शेजारणीवर एकाच दिशेने झुकलेली असते. फूल फिरविले तर जुळते, आरशात पाहिले तर तो झोक उलटा होतो. चाफा घडविताना आरशाच्या सममितीचे बटण चुकून चालू राहिले, तर एका फटकाऱ्याचे पाच न होता दहा होतात, दोन्ही दिशांचे झोक एकमेकांना खोडतात आणि चाफ्याऐवजी चांदणी हाती येते. समईच्या मोराला मात्र तेच बटण हवे. अरीय सममिती त्याच्या काही कामाची नाही.

सर्वांत महत्त्वाचा आहे तो कामाचा क्रम. सममिती ही घडलेल्या गोष्टीची दुरुस्ती करीत नाही. ती केवळ पुढच्या फटकाऱ्याची आवृत्ती काढते. एकदा बंद करून एखाद्या टोकाला निराळे वळण दिले आणि मग ती पुन्हा चालू केली, तरी तो फरक भरून निघत नाही. म्हणून पाचांना समान असे सर्व काम आधी पुरे करावे, त्याची एक प्रत बाजूला जपून ठेवावी आणि मगच सममिती सोडावी. हा क्रम न पाळणाराचे दिवसभराचे श्रम वाया जाऊ शकतात.

पण सोडावयाची तरी कशासाठी? याचे उत्तर कोणार्कच्या तेराव्या शतकातील सूर्यमंदिरात दगडावर कोरलेले आहे. तेथील २४ चाकांपैकी प्रत्येकाला आठ जाड आणि आठ बारीक आरे आहेत. आऱ्यांची मांडणी काटेकोर आहे. जाड आऱ्यांवरील पदकांत कोरलेल्या आकृती मात्र वेगवेगळ्या आहेत. सांगाडा सारखा, अलंकार निराळा. म्हणूनच ते चाक पाहणारा एका आऱ्यावर थांबत नाही. त्याची दृष्टी पुढच्या आऱ्याकडे जाते.

संगणक एका फटकाऱ्याचे पाच करून देईल. चूक झाली तर तिचेही पाच करील. ही आवृत्ती कोठवर चालू द्यावयाची आणि कोठे थांबवावयाची, हा निर्णय मात्र घडविणाराच्या हाताचा आहे.