न झाडलेल्या तोफा

फ्रेंच पॉलिनेशियातील बोराबोरा बेटावर किनाऱ्याचा रस्ता सोडून आमची जीप चिखलाच्या खड्या चढणीला लागली. वाटाड्याने ती झाडीत दडलेल्या प्रचंड तोफांपाशी थांबवली. मागे 727 मीटर उंचीचा ओतेमानू पर्वत, समोर प्रवाळभिंतीने अडवलेले शांत, निळे पाणी.

1942 मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीने अमेरिकेने येथे लष्करी तळ उभारला आणि अशा 8 तोफा डोंगरांवर चढवल्या. आक्रमण झालेच नाही. शत्रूवर एकही गोळा सुटला नाही.

व्यापारात पडून राहिलेला माल म्हणजे तोटा. येथे मात्र तोच शुद्ध नफा ठरला!

गंजलेल्या नळीवर हात ठेवून नातवाने विचारले, "आजोबा, ही चालली असती तर?"

मी त्याला खालची घरे दाखवली. सूर्यास्तापूर्वी खाकरे व नारळपाणी घेऊन आम्ही उतरलो.