धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’. लिंगाच्या रकान्यात काय?

‘धर्म बौद्ध लिहा, जात स्पष्ट सांगा,’ हे सांगत आम्ही अमरावती-अकोल्यातल्या वस्त्या फिरतो आहोत. अकोल्यातल्या एका विहारात बैठक संपल्यावर एक आई मागे थांबल्या. हळूच म्हणाल्या, “धर्माचं समजलं, पन आमच्या लेकराचं काय लिहाव जी?” त्यांचं अपत्य तृतीयपंथी आहे. आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेऊ.

२००१ पर्यंत तृतीयपंथी व्यक्तींची नोंद ‘पुरुष’ अशीच होई. २०११ मध्ये पहिल्यांदा तीन संकेतांक आले : पुरुष १, स्त्री २, इतर ३. देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची नोंद ‘इतर’ अशी झाली. त्यात देशभरातले ७८,८११ जण अनुसूचित जातींचे होते. म्हणजे हा विषय आपल्या वस्तीबाहेरचा नाही.

पण ‘इतर’ म्हणजे तृतीयपंथीयांची मोजणी नव्हे. १ किंवा २ नको असेल त्या कोणालाही ३ सांगता येत होता, आणि अनेक तृतीयपंथी व्यक्तींनी स्वतःला स्त्री किंवा पुरुष म्हणूनही नोंदवलं असेल. निवड उत्तर देणाऱ्याची होती. अडचण इथेच आहे. घरोघरी उत्तर देतो तो कुटुंबप्रमुख. तो लाजेपोटी ‘मुलगा’ म्हणाला, की नोंद तीच होते. १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंग-ओळख ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच मानला आहे.

पुढची लोकसंख्या गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. कार्यकर्त्यांनी चार गोष्टी कराव्यात :

१. ज्याची नोंद, त्यालाच विचारा. त्याचं उत्तर कुटुंबप्रमुखाने तसंच सांगावं.
२. प्रगणकाने चेहरा किंवा कपडे पाहून उत्तर भरू नये. आपणही कोणावर ‘इतर’ लादू नये.
३. घर सोडून गुरूकडे डेऱ्यावर राहणाऱ्यांची नोंद तिथे होते का, ते पाहा. तिथेही धर्म आणि जात सांगायला विसरू नये.
४. जनगणना कायदा, १९४८ नुसार वैयक्तिक माहिती गोपनीय असते, हे घाबरलेल्या कुटुंबाला सांगा.

त्या आईंना आम्ही पुन्हा भेटलो. म्हटलं, “ताई, उत्तर तुम्ही नका ठरवू. लेकराला विचारा.”

बाबासाहेबांनी आपल्याला स्वतःची ओळख स्वतः सांगायला शिकवलं. तो हक्क आपल्याच घरातल्या माणसाला नाकारून चालणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!