जीपीएस: कोकणच्या बोटीवर आणि यावलच्या पाड्यावर

खान्देशातल्या यावल तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी. समुद्र इथून सुमारे तीनशे किलोमीटर दूर. तरीही कोकणातल्या हरणे बंदरातून बोट काढणारा तांडेल आणि सातपुड्याच्या पायथ्याला वनहक्काचा दावा दाखल केलेला पावरा किंवा तडवी आदिवासी शेतकरी, या दोघांचा व्यवहार आज एकाच यंत्राशी जोडलेला आहे. तांडेलाला माशांची जागा आणि पाण्याखालचा खडक जीपीएस दाखवते. शेतकऱ्याच्या कसलेल्या जमिनीची मोजणीही जीपीएसनेच होते. आणि दोघांची तक्रार एकच असते: मशीन आता नीट चालत होती, मध्येच रेंज गेली, थोड्या वेळाने आपोआप आली.

ही तक्रार समजून घ्यायची तर यंत्र किती बारीक आवाज ऐकते ते आधी पाहायला हवे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि तिथून जेमतेम काही डझन वॅट शक्तीचा संदेश पाठवतात. जमिनीवर पोचेपर्यंत तो सभोवतालच्या विद्युत गोंगाटापेक्षाही क्षीण झालेला असतो. प्रत्येक उपग्रहाचा ठरलेला सांकेतिक क्रम यंत्राला पाठ असतो, म्हणूनच त्या गोंगाटातून ते आपला उपग्रह ओळखू शकते. संदेश निघाला कधी आणि पोचला कधी, यावरून अंतर निघते. जागा ठरवायला किमान चार उपग्रह लागतात. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात 300 मीटरची चूक होते. इतक्या नाजूक श्रवणात व्यत्यय यायला फार मोठे कारण लागत नाही.

बोटीवर बहुतेक वेळा हे कारण हाताच्या अंतरावर असते. अँटेनाच्या केबलच्या जोडात खारे पाणी शिरते, तांब्यावर हिरवा थर चढतो, आणि बोट डोलली की जोड कधी लागतो, कधी सुटतो. इंजिनाला स्टार्टर मारताना बॅटरीचा दाब क्षणभर पडतो आणि यंत्र बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून उपग्रह शोधू लागते. अँटेना केबिनच्या छताखाली किंवा लोखंडी मास्टला चिकटून बसवली असेल, तर बोट एका दिशेला वळल्यावर अर्धे आकाश झाकले जाते. रेंज ठरावीक दिशेलाच जात असेल, तर दोष उपग्रहाचा नाही, हे तिथेच ठरवून टाकावे.

व्हीएचएफ वायरलेसचे प्रकरण जरा वेगळे आहे. समुद्रावरचा व्हीएचएफ साधारण 156 ते 162 मेगाहर्ट्झवर चालतो आणि जीपीएसची मुख्य लहर 1575.42 मेगाहर्ट्झ आहे. 157.5 ला दहाने गुणून पाहा. वायरलेसच्या लहरीचा दहावा गुणक थेट जीपीएसच्या कानात पडतो. वायरलेसवर बोलायचे बटण दाबले की जागा हरवते आणि सोडले की परत येते, असे होत असेल तर दोन्ही अँटेना एकमेकींपासून लांब नेणे हा पहिला उपाय. रेंज केव्हा जाते, त्या क्षणी बोटीवर काय चालू असते, हे चार दिवस वहीत लिहून ठेवले तर निम्मे दुरुस्तीचे काम झालेच म्हणायचे.

चोर शेजारच्या बोटीवरही असू शकतो. कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात 2001 साली अख्ख्या बंदराचे जीपीएस निकामी झाले होते. तपास करणारे शेवटी पोचले ते बोटींवरच्या टीव्हीच्या अँटेनांपाशी. आत बसवलेला सिग्नल वाढवणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच जीपीएसच्या लहरीवर उत्सर्जन करत होता.

पण जोड स्वच्छ आहे, अँटेना उघड्यावर आहे, वायरलेस बंद आहे, तरीही संध्याकाळी यंत्र अडखळते, असे झाले तर मान वर करून पाहावे लागते. इथे खान्देशचे भौगोलिक स्थान महत्त्वाचे ठरते. भूचुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तिथे दिवसा अयनांबरातले (आयनोस्फिअरमधले) इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तरेला व दक्षिणेला उतरतात. एडवर्ड अ‍ॅपलटन यांनी 1946 साली या घटनेकडे लक्ष वेधले. भारतात या इलेक्ट्रॉनची उत्तरेकडची रास साधारण गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या पट्ट्यावर साचते आणि दिवसागणिक थोडी पुढे-मागे होते. 21 अंश उत्तर अक्षांशावरचे यावल या राशीच्या उंबरठ्यावर आहे. या दाट थरातून येताना संदेशाला उशीर होतो, आणि एकाच लहरीवर ऐकणाऱ्या यंत्राची जागा कित्येक मीटर सरकते. सूर्यास्तानंतर त्या थरात विरळ पोकळ्या तयार होतात आणि संदेश ताऱ्यासारखा लुकलुकू लागतो. विषुवदिनांच्या आसपासचे महिने आणि सौरडागांची चढती वर्षे यात हा त्रास वाढतो. मे 2024 च्या सौरवादळात अमेरिकेत ऐन पेरणीत उपग्रहाच्या आधाराने चालणारे ट्रॅक्टर थांबवावे लागले होते.

म्हणूनच भारताला ‘गगन’ ही जीपीएसला सुधारणा देणारी यंत्रणा उभारणे इतरांपेक्षा कठीण होते. विमानांसाठी ती उभी राहिली, हे इस्रोचे आणि विमानतळ प्राधिकरणाचे मोठे काम आहे. दोन वेगळ्या लहरींवर ऐकणारी यंत्रे हा उशीर स्वतःच मोजून वजा करू शकतात, कारण तो प्रत्येक लहरीसाठी वेगळा असतो. आपली ‘नाविक’ ही उपग्रह प्रणाली सुरुवातीपासूनच दोन लहरींवर बेतलेली आहे.

आता पाड्यावर येऊ. आकाशामुळे होणारी चूक सावकाश बदलते. शेताच्या चारही कोपऱ्यांवर ती जवळपास सारखी पडते, म्हणून नकाशावर शेत सरकते, पण क्षेत्रफळ फारसे बिघडत नाही. झाडांची आणि दरडीची चूक तशी नसते. ओल्या पानांचे छत संदेश गिळते, कडा तो परतवून लावतो आणि यंत्र त्या लांबच्या वाटेने आलेल्या संदेशालाच खरा समजते. एका कोपऱ्यावर साग आहे, दुसरा मोकळा आहे, तिसऱ्यावर नाल्याची दरड आहे. प्रत्येक ठिकाणी चूक वेगळी. एक हेक्टरचा चौरस तुकडा घ्या. मोजणीत चारही बाजू फक्त अडीच-अडीच मीटर आत आल्या, तर 10,000 चौरस मीटरचे 9,025 उरतात. साडेनऊ गुंठे कागदावरून गेले. दोन एकरांवर घर चालवणाऱ्या माणसासाठी हे नुकसान मोठे असते. मला हा मुद्दा तांत्रिक वाटत नाही, न्यायाचा वाटतो.

तांडेल दोन दिवस जागा चुकला, तर तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावरच्या खुणा पाहून ती दुरुस्त करतो. पट्टा एकदा मंजूर झाला की त्यातला आकडा दुरुस्त करून घ्यायला शेतकऱ्याला वर्षानुवर्षे कचेऱ्यांत फिरावे लागते. म्हणून यावल, चोपडा, रावेर भागातल्या वनहक्क समित्यांना विनंती आहे. मोजणी भर पावसाळ्यात, गच्च पानांखाली घेऊ देऊ नका. यंत्र सुरू केल्यावर उपग्रहांचा संदेश स्थिर होईपर्यंत थांबायला सांगा. प्रत्येक कोपऱ्यावर काही मिनिटे उभे राहून सरासरी घ्यायला लावा आणि पडद्यावर दिसणारी मीटरमधली अचूकता पंचनाम्यात लिहून घ्या. कोपरा झाडाखाली असेल तर मोकळ्या जागेवरून टेपने अंतर मोजा. बांध, जुनी झाडे, शेजाऱ्यांची साक्ष, हे सगळे नोंदवा. वनहक्क नियमांत 2012 साली झालेल्या दुरुस्तीत स्पष्ट म्हटले आहे की उपग्रह प्रतिमा आणि तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येईल, त्यांच्या जागी नाही. मोजणीला अधिकारी येतील त्या दिवशी या नियमाची प्रत हाताशी ठेवा.