कुटुंबकल्याण शस्त्रक्रियेनंतर पुन्हा अपत्याची इच्छा : बीजवाहिनी-संधानाने कितपत आशा?

कुटुंबकल्याण शस्त्रक्रिया ही कायमची असते, असे सांगूनच ती केली जाते. तरीही आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात कधी ना कधी अशी स्त्री येते, जिला पुन्हा अपत्य हवे असते. कुणाचे मूल सर्पदंशाने वा विहिरीत पडून गेलेले असते, कुणाचा पुनर्विवाह झालेला असतो. शल्यचिकित्सकाकडे जाण्यापूर्वी ती बहुधा परिचित वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येते आणि विचारते, "नळी उघडण्याचे औषध आहे का?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो, यावर तिची पुढील दोन-तीन वर्षे अवलंबून असतात. म्हणूनच हा विषय वैद्य व औषधविक्रेते या दोघांपुढेही मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रश्नाची व्याप्ती

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड-सिन्नरपासून पेठ-सुरगाण्यापर्यंत असे घर विरळाच, जिथे 'ऑपरेशन' झालेली स्त्री नाही. अनेकींची शस्त्रक्रिया ऐन पंचविशीत होते. कमी वयात घेतलेल्या या निर्णयाचा पश्चात्ताप अधिक आढळतो. अमेरिकेतील १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात तिशीपर्यंत शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २० टक्के, तर तिशीनंतर झालेल्यांपैकी सुमारे ६ टक्के स्त्रियांनी चौदा वर्षांच्या आत पश्चात्ताप व्यक्त केला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा मुले गमावलेल्या मातांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडू शासनाने अशा मातांसाठी पुनर्जोडणीच्या शस्त्रक्रियेची विनामूल्य सोय केली.

शास्त्रदृष्टीने विचार

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात आर्तववह स्रोतसे दोन सांगितली असून त्यांचा वेध झाल्यास वंध्यत्व येते असे म्हटले आहे. आधुनिक बीजवाहिनीशी या वर्णनाचे साम्य अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे. येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. शोथ वा कफप्रकोपामुळे झालेला स्रोतोरोध हा 'संग' होय. तेथे औषधी, उत्तरबस्ती यांचा विचार करता येतो. कुटुंबकल्याण शस्त्रक्रियेत मात्र नलिकेचा भाग छेदलेला किंवा आवळून नष्ट केलेला असतो. तुटलेली दोन टोके कोणताही काढा, घृत वा बस्ती जोडू शकत नाही. हे शल्यसाध्य कर्म आहे. असे स्पष्ट सांगण्यात आयुर्वेदाचा कमीपणा नाही. शल्यतंत्र हे अष्टांगांपैकीच एक अंग आहे.

गर्भसंभवासाठी ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज ही चार अंगे सुश्रुतांनी सांगितली आहेत. शस्त्रक्रियेने केवळ मार्ग पूर्ववत होतो. उरलेल्या अंगांचे काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच. यशापयशाचे मर्म येथेच आहे.

शस्त्रक्रिया व तिचे यश

बीजवाहिनीची लांबी साधारण १० ते १२ सें.मी. असते आणि तिच्या अरुंद भागातील पोकळी जेमतेम १ मि.मी. बंद झालेली टोके कापून, सूक्ष्मदर्शकाखाली अतिसूक्ष्म धाग्याने ती पुन्हा जोडली जातात व निळे द्रव्य सोडून मार्ग मोकळा झाल्याची खात्री करतात. बीजवाहिनीच्या दुरुस्तीची परंपरा आपल्याकडेही आहे. 'शिरोडकर टाका' ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो, ते मुंबईतील डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर ट्यूबोप्लास्टीसाठीही प्रसिद्ध होते.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ३७ अभ्यासांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करण्यात आली. त्यानुसार गर्भधारणेचे प्रमाण ४२ ते ६९ टक्के आढळले. यशावर निश्चित परिणाम करणारा एकच घटक त्यात दिसून आला, तो म्हणजे स्त्रीचे वय. पोट उघडून की दुर्बिणीतून, याने विशेष फरक पडला नाही. मात्र सूक्ष्मदर्शक वा दुर्बिणीच्या साहाय्याविना केलेली जोडणी निकृष्ट ठरली.

येथे आपली जबाबदारी सुरू होते. बत्तिसाव्या वर्षी आलेल्या स्त्रीला 'नळी उघडण्यासाठी' तीन वर्षे औषधे दिली, तर ती पस्तिशीला पोहोचते. नळी होती तशीच राहते आणि बीजाचे बल घटते. औषधाने अपाय झाला नाही, एवढे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. गेलेला काळ हाच अपाय होय.

काय विचारावे?

प्रथम वय. दुसरे, शस्त्रक्रियेचा प्रकार. "टाक्याचे की बिनटाक्याचे?" एवढे विचारले तरी दिशा मिळते. टाक्याच्या शस्त्रक्रियेत बहुधा नलिकेचा वेढा बांधून कापलेला असतो. सिझेरियनच्या वेळीही हीच पद्धत असते. बिनटाक्याच्या, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत बहुधा रिंग बसवितात. तीत साधारण २ ते ३ सें.मी. भाग निकामी होतो. क्लिपने याहून कमी, तर विद्युतदाहाने अधिक हानी होते. नलिकेचे झालरीसारखे टोकच काढले असेल, तर जोडणीस फारसा वाव राहत नाही. म्हणून शस्त्रक्रियेचे कार्ड शोधून आणण्यास सांगावे.

तिसरे, पतीची शुक्रतपासणी. ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि तरीही सर्वाधिक टाळली जाणारी तपासणी आहे. तीत मोठा दोष असल्यास, किंवा स्त्रीचे वय अधिक व शिल्लक नलिका तोकडी असल्यास, पुनर्जोडणीऐवजी आयव्हीएफचा विचार तज्ज्ञ सुचवितात. पुनर्जोडणीचा लाभ असा की दर ऋतुकाळी नैसर्गिक संधी मिळते. गर्भधारणा बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत होते. वर्षभरात, आणि पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, ती न झाल्यास पुन्हा तज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधी दुकानातील सावधगिरी

जोडलेल्या नलिकेतच गर्भ राहण्याचा धोका उपरोक्त आढाव्यात ४ ते ८ टक्के आढळला. म्हणून पुनर्जोडणी झालेल्या स्त्रीची पाळी चुकली, तर प्रथम गर्भचाचणी व लवकर सोनोग्राफी झालीच पाहिजे. एका बाजूला ओटीपोटात वेदना, किंचित रक्तस्राव, भोवळ किंवा खांद्यात दुखणे ही लक्षणे असल्यास तिला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. जीव वाचण्याचा प्रश्न असतो.

'पाळी आली नाही' एवढ्यावरून रजःप्रवर्तनी वटी काउंटरवरून देण्याची सवय सर्वत्रच सोडावी. येथे तर ती घातक आहे. कुमारी, कासीस, टंकण व हिंग यांचा हा योग इच्छित गर्भालाही अपाय करू शकतो आणि नलिकेतील गर्भाचे निदान लांबवू शकतो. त्याचप्रमाणे जोडणीनंतर शल्यचिकित्सकांच्या संमतीविना उत्तरबस्ती देऊ नये. जंतुसंसर्ग झाल्यास सारे श्रम वाया जातात. स्त्रीवंध्यत्वावरील औषधाची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण असावे.

आपले स्थान

मग आपण काय करावे? शस्त्रक्रियेपूर्वी पांडुत्व दूर करणे, अग्नी सुधारणे, दांपत्याला ऋतुकाळ समजावून सांगणे, आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने पुढे फलघृत, शतावरी आदींचा क्षेत्र व बीजपोषणाच्या हेतूने युक्तीने विचार करणे, हे आपले क्षेत्र आहे. ज्यांना अद्याप शस्त्रक्रिया करावयाची आहे अशा तरुण दांपत्यांना, ती कायमची समजूनच करावी आणि मूल लहान असताना तात्पुरत्या साधनांचाही विचार करावा, असे सांगणेही आपलेच काम आहे.

मूल गमावलेली माता आपल्यापुढे बसते, तेव्हा तिला शंभर टक्के आशा दाखविण्याचा मोह होतो. तो आवरून, "आशा आहे, ती वयावर अवलंबून आहे, म्हणून उशीर करू नका," एवढे सांगून योग्य ठिकाणी चिठ्ठी लिहून देणे हीच या प्रसंगी आपली चिकित्सा होय, असे आम्हांस नम्रपणे वाटते.