घराण्यातलं बीपी: जनुकांचा वाटा किती?

‘आमच्या घराण्यातच बीपी आहे,’ असं दौंड-शिरूरकडे सर्रास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे. माणसामाणसांच्या रक्तदाबातला साधारण 30 ते 50 टक्के फरक आनुवंशिक असतो. पण त्यामागे एकच जनुक नसतं. रक्तदाबाशी निगडित हजाराहून अधिक जनुकीय जागा सापडल्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींचा परिणाम पाऱ्याच्या एक मिलिमीटरहूनही कमी. मात्र असे बरेच बदल एकाच्याच वाट्याला आले की धोका वाढतो. यूएमओडीसारखी काही जनुकं मूत्रपिंडात काम करतात आणि शरीरात मीठ किती राखायचं यावर परिणाम करतात. त्यामुळे तोच ठेचा, तेच लोणचं एका भावाला सोसतं, दुसऱ्याचा दाब चढतो.

पण सगळं जनुकांवरच ठरत नाही; शरीराची घडण जन्माआधीपासूनच सुरू होते. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 1993 मध्ये सुरू झालेला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा अभ्यास गरोदर आईचं पोषण आणि मुलांचं पुढचं आरोग्य यांचं नातं तपासतो.

जनुकं बदलता येत नाहीत, मीठ कमी करता येतं. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ पुरे. आईवडिलांना बीपी असेल, तर तिशीपासून दरवर्षी दाब मोजून घ्याच. त्रास जाणवेपर्यंत थांबू नका, कारण वाढलेला दाब बहुधा जाणवतच नाही.